तलावावर पार्टीला कुत्रा न्यायचा? न्या, पण आधी त्याला सुई लावा



धान घरी आलं, थंडी पडली की आमच्या आंधळगावच्या आसपास पार्ट्यांचे दिवस सुरू होतात. कोणी चांदपूरला जातं, कोणी रावणवाडीला, तर कोणी गावाजवळच्याच एखाद्या तलावाच्या पाळीवर चूल मांडतं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, नाहीतर मटणाचा बेत. भंडारा हा तलावांचा जिल्हा. जुन्या मालगुजारी तलावांपासून छोट्या बोड्यांपर्यंत, पाणी शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. हल्ली या पार्टीला घरचा कुत्राही सोबत येतो. मुलांचा तसा हट्टच असतो.

अशाच एका पार्टीनंतरची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला सर्दी-खोकल्यासाठी माझ्याकडे घेऊन आली. छाती तपासायला शर्ट वर केला, तर उजव्या मनगटाजवळ दोन लांब ओरखडे आणि शेजारी एक बारीक टोचल्यासारखी खूण. खपली धरलेली.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही जी साहेब, खेळता खेळता खरचटलं असन," आई म्हणाली.

मुलगा खाली बघत होता. आईला औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर पाठवलं आणि त्याला पुन्हा विचारलं, तेव्हा हळूच बोलला. रविवारी सगळे तलावावर गेले होते. जेवणं झाल्यावर उरलंसुरलं पाळीवर टाकलं. तिथली दोन-तीन मोकाट कुत्री आली आणि यांच्या मोत्याशी भांडायला लागली. हा मोत्याला सोडवायला मध्ये गेला. त्यात एका कुत्र्याचा दात लागला. याने हात तलावाच्या पाण्यात बुडवला, बाही खाली केली आणि गप्प बसला.

"घरी का नाही सांगितलं?"

"सांगलं असतं तर बाबानं मोत्याले तिथंच सोडलं असतं."

चार दिवस झाले होते. जखम पुन्हा साबणाने धुतली, लस त्याच दिवशी सुरू केली आणि जखमेत द्यायच्या इंजेक्शनसाठी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पुढचे सगळे डोस त्याने वेळेवर घेतले. आज तो छान आहे. पण ती सर्दी झाली नसती तर? हा विचार अजून मनातून जात नाही. म्हणून हा लेख.

माझं मत सरळ आहे

कुत्र्याला तलावावर नेणं ही चूक नाही. कुत्रा घरातला सदस्य आहे, त्यालाही मोकळी हवा हवी आणि मुलांनाही त्याची सोबत हवी. चूक तीन ठिकाणी होते: लस न दिलेला कुत्रा नेणं, त्याला मोकळं सोडणं आणि उष्टं-खरकटं काठावर टाकून येणं. चौथी चूक घरात होते आणि ती सगळ्यात महाग पडते. ती म्हणजे मुलाला खरं सांगायची भीती वाटावी असं वातावरण ठेवणं.

तलावाकाठीच धोका जास्त का?

गावातली कुत्री आपल्याला आणि आपल्या कुत्र्याला ओळखतात. तलावाकाठची ओळखत नाहीत. दर रविवारी तिथे हाडं, भात, रोडग्यांचे तुकडे पडतात, म्हणून ती तिथे जमतात. ती जागा त्यांची झालेली असते. अशा जागी आपला मोत्या मोकळा फिरला तर भांडण होणारच, आणि भांडणात सगळ्यात आधी धावून जातं ते घरातलं लहान मूल. त्याचा चेहरा आणि हात कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात.

आपण संध्याकाळी घरी येतो. आपण टाकलेल्या हाडांवर जमलेली कुत्री मात्र तिथेच राहतात. सोमवारी सकाळी त्याच पाळीवरून शेतावर जाणारी बाई, जाळं घेऊन येणारा ढीवर बांधव, शाळेत जाणारी पोरं त्यांच्या समोर येतात. पार्टी आपली आणि चावा दुसऱ्याला, हे बरं नाही.

रेबीज: एकदा लक्षणं दिसली की उपाय उरत नाही

रेबीजचा विषाणू आजारी प्राण्याच्या लाळेत असतो. चाव्यातून, ओरखड्यातून किंवा उघड्या जखमेवर चाटल्याने तो शरीरात शिरतो. रक्तातून नाही, तर नसांमधून तो हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारण दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभरच लागतो, तर कधी वर्षही. जखम चेहऱ्यावर, मानेवर किंवा हाताच्या बोटांवर असेल तर मेंदूचं अंतर कमी आणि नसाही जास्त, म्हणून वेळ कमी.

तो मेंदूत पोहोचला की पाणी गिळता येत नाही, वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही, रुग्ण घाबरतो, बडबडतो. त्यानंतर जवळपास कोणीच वाचत नाही. पण हाच आजार लक्षणं दिसायच्या आधी वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतले तर जवळपास शंभर टक्के टाळता येतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो. म्हणजे कुत्र्याला लस दिली की माणूस वाचतो, इतका हा हिशेब साधा आहे.

चावलं किंवा ओरखडलं तर लगेच काय करायचं?

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. तलावाच्या पाण्यात हात बुडवणं म्हणजे धुणं नव्हे. पार्टीला जाताना स्वच्छ पाण्याचा एक जास्तीचा कॅन आणि साबणाची वडी सोबत ठेवा.

२. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीनसारखं जंतुनाशक लावा. मिरची, चुना, हळद, तेल, झाडपाला काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. टाके घालायची घाई करायला सांगू नका.

३. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते.

जखम कशी आहे यावर उपचार ठरतात. नुसता हात लावला, खाऊ घातलं, अखंड त्वचेवर चाटलं तर लस लागत नाही, धुणं पुरे. रक्त न आलेला हलका ओरखडा किंवा दात घासला असेल तर लस लागते. दात आत गेला, ओरखड्यातून रक्त आलं, जखमेवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली, तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन जखमेत आणि जखमेच्या भोवती द्यावं लागतं. लसीमुळे शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला काही दिवस लागतात. तोवर हे इंजेक्शन विषाणूला जखमेतच अडवतं. छोट्या केंद्रात ते नसेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तिथे जायचा कंटाळा करू नका.

लस दंडाच्या स्नायूत घ्यायची असेल तर ० (म्हणजे पहिला), ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. त्वचेत घ्यायची असेल तर दोन्ही दंडांवर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. अगदी लहान बाळांना मांडीत देतात. कुल्ल्यावर ही लस घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ती देता येते, किंबहुना द्यायलाच हवी.

माझ्या ओपीडीत नेहमी ऐकू येणारी वाक्यं

*"घरचाच कुत्रा आहे जी."* घरचा असला तरी त्याला सुई लावली आहे का? आणि तो दिवसभर कुठे फिरतो, कोणाशी भांडतो, हे आपल्याला माहीत असतं का?

*"पिल्लूच तर आहे."* पिल्लालाही रेबीज होतो. मुलं पिल्लांशीच जास्त खेळतात, आणि पिल्लाच्या ओरखड्याकडे कोणी लक्ष देत नाही. म्हणून उलट जास्त काळजी घ्या.

*"कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतो, मग बघू."* नजर जरूर ठेवा, पण उपचार सुरू करून. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. तलावावरचं मोकाट कुत्रं तर दुसऱ्या दिवशी सापडतही नाही. मग नजर कोणावर ठेवणार?

*"पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात म्हणे."* तो काळ गेला. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात देतात आणि इतर कोणत्याही सुईइतकीच दुखते. आजही आमच्याकडे लोक या जुन्या भीतीपोटी उशिरा येतात.

*"आता आठ दिवस झाले, काय उपयोग?"* उपयोग आहे. उशीर झाला म्हणून घरी बसू नका. लक्षणं दिसायच्या आधी कधीही आलात तरी उपचार सुरू करतात.

*"मागच्या वर्षी घेतली होती."* पूर्ण कोर्स घेतला असेल तर यावेळी साधारणपणे दोनच डोस, ० आणि ३ व्या दिवशी. पण दवाखान्यात यावं लागेलच. जुना कागद सांभाळून ठेवा.

मोत्याचंही बघा

या गोष्टीत एक जण नेहमी विसरला जातो. भांडणात मोत्यालाही चावे बसले होते, आणि त्याला आयुष्यात कधीच सुई लावलेली नव्हती. आपल्या कुत्र्याला दुसरं कुत्रं चावलं तर त्यालाही त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं असतं. त्याच्या जखमा धुताना हातात मोजे घाला. त्याला रेबीज झाला तर पहिला धोका घरातल्यांनाच आहे.

कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात द्यायची, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि त्यानंतर दर वर्षी. शनिवारी सुई लावून रविवारी पार्टीला नेलं तर फायदा नाही. लसीचा गुण यायला तीन-चार आठवडे जातात. म्हणून दिवाळीच्या आतच हे काम उरका.

निघताना एवढं सोबत घ्या:

- लसीचं कार्ड, किंवा मोबाईलमध्ये त्याचा फोटो.
- मजबूत पट्टा आणि साखळी. तिथे पोहोचल्यावर झाडाला बांधायचं असेल तर सावलीत आणि चुलीपासून लांब बांधा.
- त्याच्यासाठी वेगळं पाणी आणि भांडं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत त्याला दुपारी न्यायचंच नाही.
- त्याची विष्ठा उचलायला पिशवी. कुत्र्याच्या विष्ठेतल्या हूकवर्मच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात आणि अनवाणी पायांच्या त्वचेत शिरतात. मग पायावर नागमोडी, खाजणारी लाल रेघ उठते. कुत्र्याला जंताचं औषध वेळच्या वेळी द्या.

शिजलेली हाडं त्याला देऊ नका. ती टोकदार फुटतात आणि त्याच्या घशात-आतड्यात रुततात. घरी आल्यावर त्याच्या कानामागे, पंजांच्या बोटांत गोचीड लागलीय का ते बघा. आणि अंधार पडायच्या आत निघा. आपले बरेच तलाव जंगलाला लागून आहेत आणि बिबट्याला कुत्र्याची शिकार सोपी पडते. अभयारण्याच्या हद्दीत तर कुत्रा नेऊच नका.

कुत्री भांडायला लागली तर हात मध्ये घालू नका. पाणी फेका, ताटं वाजवा, साखळी मागे ओढा. मुलांना आधीच शिकवून ठेवा: अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं.

पाण्याबद्दल दोन शब्द

मुलं आणि कुत्रा दोघेही पाण्यात उतरतात. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. ते पायावरच्या छोट्या जखमेतून, नाहीतर डोळ्या-नाका-तोंडातून शरीरात शिरतात. रोवणीच्या चिखलात राबणाऱ्यांना आणि मासेमारांना हा धोका वर्षानुवर्षं आहेच. पार्टीला गेलेल्यांनाही तो चुकत नाही. जखम असेल तर पाण्यात उतरू नका. पाण्यातून आल्यावर साधारण महिनाभरात थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या खूप दुखल्या, डोळे लाल झाले, डोळ्यांत पिवळेपणा आला किंवा लघवी कमी झाली, तर "व्हायरल असेल" म्हणून बसू नका. डॉक्टरांना "मी तलावात उतरलो होतो" हे आवर्जून सांगा. या एका वाक्याने निदान लवकर होतं, आणि सुरुवातीला साध्या अँटिबायोटिकने हा आजार बरा होतो. कुत्र्यांसाठी लेप्टोचीही लस मिळते, त्याबद्दल जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

"मोकाट कुत्री हटवा" म्हणून भागेल का?

असा लेख लिहिला की लोक म्हणतात, "साहेब, ती कुत्री मारून टाकायला सांगा ना." राग समजू शकतो. पण कुत्री हटवली आणि खरकटं तसंच पडत राहिलं, तर काही महिन्यांत दुसरी येतात, आणि तीही लस न दिलेली. कुत्री मारणं कायद्यात बसत नाही आणि त्याने रेबीजही जात नाही.

रेबीज कशाने जातो, हे शेजारच्या गोव्याने दाखवलं आहे. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून गावोगाव फिरून, जाळ्यांनी कुत्री पकडून दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली, आणि शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी कमी झाला. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं 'रेबीज नियंत्रित' राज्य जाहीर झालं. एखाद्या भागातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला पुढे सरकायला वाट उरत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये कृती योजना आखून २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचं ठरवलं आहे.

मग आपल्याकडे काय अडलं आहे? गोव्याइतकी मोठी मोहीम एका गावाला जमणार नाही, हे मला मान्य आहे. पण ग्रामसभेत दोन ठराव नक्की मांडता येतात. एक, वर्षातून एक दिवस गावातल्या सगळ्या पाळीव आणि मोकाट कुत्र्यांना लस देण्यासाठी पशुसंवर्धन विभागाकडे शिबिराची मागणी करायची. दोन, जिथे पार्ट्या होतात त्या तलावाच्या पाळीजवळ खरकट्यासाठी झाकणाचं पिंप ठेवायचं आणि ते उचलायचं. पिंप नसेल तोवर आपलं खरकटं आपण घरी आणायचं. रोडग्यांचं पीठ डब्यात नेता येतं, तर हाडं पिशवीत परत आणायला काय हरकत आहे?

शेवटी, आईबाबांसाठी

लस, साखळी, साबण हे सगळं पैशाने मिळतं. पण त्या मुलाला चार दिवस गप्प ठेवलं ते भीतीने. आपला कुत्रा जाईल ही भीती, मार बसेल ही भीती. मुलं खोटं बोलतात असं आपण म्हणतो. बरेचदा ती फक्त कोणाला तरी वाचवत असतात.

म्हणून पुढच्या वेळी तलावावर निघताना, गाडीत बसायच्या आधीच मुलांना सांगा: "कोणतंही कुत्रं चावलं, नख लागलं, जखमेवर चाटलं तर लगेच सांगायचं. आम्ही रागावणार नाही. मोत्यालाही कुठे सोडणार नाही." आणि मुलाने खरंच सांगितलं तर हा शब्द पाळा. एकदा शब्द मोडला तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

त्या मुलाच्या वडिलांनी शब्द पाळला. शेवटच्या डोसच्या दिवशी बापलेक दोघेही आले होते, आणि दवाखान्याच्या बाहेर, गळ्यात नवा पट्टा बांधलेला मोत्या. त्याला जनावरांच्या दवाखान्यातून सुया लावून आणल्या होत्या. पोराने मला खिशातून त्याचं कार्ड काढून दाखवलं.

काळजी घ्या. आणि घरात कुत्रा असेल तर आजच त्याचं कार्ड काढून शेवटची तारीख बघा.